लंगोटावर कव्हर घालूनही बाळाचे कपडे का भिजतात?

सुती लंगोट ओल शोषतो, अडवत नाही. अडवायचं काम वरच्या वॉटरप्रूफ कव्हरचं. अमेरिकेत १९४६ मध्ये मॅरियन डोनोव्हन यांनी चक्क शॉवरचा पडदा कापून असं कव्हर शिवलं. तेव्हाच्या रबरी चड्ड्यांनी बाळाला पुरळ उठायचं.

आजच्या बहुतेक कव्हरमध्ये पॉलिस्टर कापडाला पॉलियुरेथेनचा पातळ थर चिकटवलेला असतो. तो पाणी अडवतो, थोडी वाफ बाहेर जाऊ देतो. पण थोडीच! वरून कोरडं दिसलं तरी आतला लंगोट ओला असतो. तो वेळेवर बदलावाच लागतो.

आणि गळती? बऱ्याचदा कव्हर फाटलेलं नसतंच. मांडीपाशी लंगोटाची कड बाहेर डोकावते आणि दिव्याच्या वातीसारखी ओल कपड्यांपर्यंत खेचून नेते. ती कड बोटाने आत सारा. कव्हर उकळत्या पाण्यात मात्र टाकू नका, थर सुटू शकतो.