टाळ्यांचा कौल आणि परीक्षकाचे काम

गेल्या डिसेंबरात घाटकोपरच्या एका महाविद्यालयाच्या उत्सवात रॅपच्या सामन्याचा परीक्षक म्हणून बसण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाचा रॅपशी संबंध काय, असा प्रश्न वाचकांना पडेल; तो लेखकालाही पडला होता. मराठी आणि मुंबईची हिंदी दोन्ही समजणारा व त्या संध्याकाळी मोकळा असलेला प्राध्यापक हवा होता, एवढेच त्याचे कारण.

दोन तरुण समोरासमोर उभे राहिले. पहिल्याचा आवाज खणखणीत, हातवारे ऐटबाज. त्याने प्रतिस्पर्ध्याच्या असल्फ्याच्या टेकडीवरील घराची, तेथे डोक्यावरून वाहून न्याव्या लागणाऱ्या पाण्याची टर उडविली आणि सभागृह दणाणून गेले. दुसरा मुलगा आवाजाने बारीक. त्याने उत्तर दिले ते असे, की हंडा घेऊन टेकडी चढणाऱ्याचा दम लिफ्टने येणाऱ्याने मोजू नये. आणि हे सांगताना त्याने एका श्वासात इतकी लांब ओळ म्हटली की, दम म्हणजे काय हे त्या ओळीनेच सिद्ध केले. पुढच्या रांगांतील काही जणांनी मान डोलावली. मागे ते पोहोचलेच नाही. आम्हा तिघा परीक्षकांनी पहिल्याला विजयी ठरविले. माझ्या कागदावरही त्याला दोन गुण अधिक होते.

घरी परतताना लोकलमध्ये ते दोन गुण मला सलू लागले. गुणपत्रिकेत शब्द, ताल, सादरीकरण आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद असे चार रकाने होते. प्रतिसादाला स्वतंत्र रकाना होता खरा. परंतु टाळ्यांचा आवाज कानांत घुमत असताना मी शब्दांचे व सादरीकरणाचे गुणही त्याच आवाजाच्या मापाने दिले होते. एकच वस्तू तीनदा मोजली गेली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात विद्यार्थ्याने अशी चूक केली असती, तर मी तिला लाल रेघ मारली असती.

केन्सने १९३६ साली शेअरबाजाराचे वर्णन करताना वृत्तपत्रातील एका स्पर्धेचा दाखला दिला आहे. शंभर छायाचित्रांतून सहा सुंदर चेहरे निवडायचे, आणि ज्याची निवड सर्वांच्या सरासरी पसंतीच्या जवळ जाईल त्याला बक्षीस. मग स्वतःला कोणता चेहरा आवडला हे कोणी पाहतच नाही; इतरांना कोणता आवडेल याचा अंदाज जो तो बांधीत बसतो. आम्ही तिघांनी नेमके हेच केले. दोनच स्पर्धक असताना मतांच्या बेरजेत फारशी अडचण नसते. अडचण मत बनण्यात असते.

अशा सामन्यांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. शक्तीला श्रेष्ठ मानणारे कलगीवाले आणि शिवाला श्रेष्ठ मानणारे तुरेवाले शाहीर परस्परांना भेदिकाचे कूट सवाल घालीत. त्यांची उत्तरे कवनातच द्यावी लागत, आणि उत्तर अडले की हार झाली हे कोणी सांगावे लागत नसे. कोकणातून आलेल्या चाकरमान्यांनी शक्ती-तुऱ्याचे आणि डबलबारी भजनाचे सामने मुंबईत आणले. भांडुपला गणेशोत्सवात डबलबारी ऐकत बसलेल्या आमच्या आजोबांच्या पिढीला बुवाचा गळा महत्त्वाचा होताच. पण समोरच्या बुवाने काढलेल्या चिमट्याची परतफेड त्याने गौळणीत केली की गजरापर्यंत लांबविली, यावर चहाच्या टपरीवर दुसऱ्या दिवशी वाद चाले. कसोटी जबाबाची होती.

रॅपच्या मायभूमीतही हाच प्रश्न उभा राहिला होता. १९८१ साली न्यूयॉर्कच्या ‘हार्लेम वर्ल्ड’ क्लबात बिझी बी हा गर्दीला डोलायला, ओरडायला लावण्यात वाकबगार असलेला कलावंत आणि कूल मो डी यांचा सामना झाला. मो डीने त्याच्या त्या गर्दी खूश करण्याच्या हातखंड्यावरच कवनातून हल्ला चढविला. प्रेक्षकांनी तो उचलून धरला, आणि त्या रात्रीच्या ध्वनिफिती पुढे हातोहात फिरल्या. तेव्हा गर्दीला काही कळत नाही, असे कोणी म्हणू नये. तिला कळते, मात्र मागच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचावा लागतो, आणि परीक्षकांना पुढे बसवितात ते याचसाठी.

टिंगलीला मर्यादा असावी काय, हाही प्रश्न निघतो. या खेळात प्रतिस्पर्ध्याला बोचणे हेच काम असल्याने सोवळेपणा करण्यात अर्थ नाही. परंतु कोणालाही, कोठेही चिकटविता येईल अशी आई-बहिणीवरची किंवा जातीवरची शिवी ही आळशी माणसाची ओळ होय. तिला गुण कशाचे द्यायचे? टेकडीवरच्या पाण्याची टर निदान त्या मुलासाठीच रचलेली होती, एवढे श्रेय पहिल्याला दिले पाहिजे.

आपल्या उपनगरांत या मुलांना रंगमंच फार थोडे मिळतात. अंधेरीचा डिव्हाइन आणि कुर्ल्याचा नेझी यांचे ‘मेरे गली में’ २०१५ साली गाजले, २०१९ साली ‘गली बॉय’ आला, आणि गल्लोगल्ली वह्या भरू लागल्या. त्या वह्या वाचणारा कोणी नाही. महाविद्यालयाच्या सामन्यातील निकाल हा अनेकांना मिळणारा पहिला आणि कदाचित शेवटचा अभिप्राय असतो.

निकालानंतर तो बारीक आवाजाचा मुलगा माझ्याकडे आला होता. “सर, माझे कुठे चुकले?” एवढेच त्याने विचारले. मी आवाजाच्या फेकीविषयी काहीतरी बोललो. तो “थँक्यू सर” म्हणून गेला.

यंदा पुन्हा बोलावणे आले आहे. प्रतिसादाचा रकाना काढून टाकावा, प्रत्येक फेरीनंतर दोन मिनिटे शांतता ठेवून त्यात गुण लिहिले जावेत, आणि प्रत्येक परीक्षकाने आपल्या निर्णयाचे कारण व्यासपीठावरून ध्वनिक्षेपकावर सांगावे, असे मी कळविले आहे. शांततेची अट विद्यार्थ्यांना जड वाटते आहे. उरलेल्या दोहोंवर त्यांचा विचार चालू आहे.