भेटीसाठी परसातील मोरावळा

कार्तिकापासून परसातील आवळे उतरू लागतात. सासरी निघालेल्या लेकीस मोरावळ्याची बरणी देण्याची रीत चांगली आहे. परंतु पाक पातळ राहिल्यास मोरावळा थोड्याच दिवसांत आंबतो व कष्ट वाया जातात.

याकरिता १ किलो पक्व, बिनडागी आवळे टोचून वाफवावेत व दीड किलो साखरेच्या पाकात मुरत ठेवावेत. आवळ्यास पाणी सुटून पाक पातळ होतो. दोन दिवसांनी तो पुन्हा मधासारखा दाट होईपर्यंत आटवावा. दाट पाकात बुरशीस वाढण्यापुरते पाणी मिळत नाही. बिनकल्हईचे पितळी भांडे वापरू नये. आंबटाने ते कळकते.

निवलेला मोरावळा उकळून वाळविलेल्या काचेच्या बरणीत भरावा. बरणीवर तारीख लिहावी आणि ओला चमचा घालू नये, असे लेकीस आवर्जून सांगावे.