सुश्रुताची सुई आणि चिनी सूचीवेध

वेदनाशमनासाठीं अंगांत सुया टोंचण्याची जी चिनी पद्धति ॲक्युपंक्चर या नांवानें सर्वत्र रूढ झाली आहे, ती मूळची आपलीच असून सुश्रुतसंहितेंतून चीनांत गेली, असें विधान अलीकडे वारंवार वाचण्यांत येतें. कोणी तर ‘सूचीवेद’ नामक प्राचीन ग्रंथाचा हवाला देतात. परंतु त्याची प्रत कोठें आहे, किती पत्रांची आहे, तिची पुष्पिका काय म्हणते, याविषयीं अक्षरहि लिहीत नाहींत. पोथ्या जमविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्या आपल्या वाचकांस अशा हवाल्याची किंमत सांगावयास नको. तेव्हां उभय बाजूंचीं अस्सल साधनें काय बोलतात तें पाहूं.

प्रथम शब्दाचा विचार. ॲक्युपंक्चर हा शब्द चिनी नव्हे. विलेम तेन ऱ्हाइने नांवाचा डच वैद्य इ. स. १६७४ ते १६७६ पर्यंत जपानांतील देशिमाच्या वखारींत होता. त्याचा लॅटिन प्रबंध १६८३ सालीं लंडन येथें छापला गेला, त्यांत त्यानें ‘आकुस्’ म्हणजे सुई व ‘पुंक्तुरा’ म्हणजे टोंचणें यांचा हा जोड योजिला. मूळ चिनी शब्द ‘झेन-ज्यू’. त्याचा अर्थ सुई आणि वनस्पति जाळून दिलेला डाग. आपण हल्लीं वापरतों तो ‘सूचीवेध’ त्या लॅटिन शब्दाचाच तर्जुमा होय. तर्जुम्यावरून मूळ सिद्ध करणें हा उलटा न्याय झाला.

आतां चिनी साधनें. हूनान प्रांतांत चांगशा शहराजवळ मावांगदुइ येथें १९७३ सालीं जें तिसरें थडगें उकरलें, तें इ. स. पूर्वी १६८ या वर्षीं बंद केलेलें होतें. त्यांत रेशमी वस्त्रावर लिहिलेले वैद्यकग्रंथ निघाले. पैकीं दोहोंत अकरा नाड्यांचें वर्णन असून, अमुक ठिकाणीं कळ असल्यास अमुक नाडीवर डाग द्यावा, असें सांगितलें आहे. सुईचा त्यांत उल्लेखच नाहीं! पुढें ‘हुआंगदी नेइजिंग’ या आकरग्रंथाच्या ‘लिंगशू’ नामक भागांत नाड्या बारा होतात आणि नऊ प्रकारच्या सुया दिसूं लागतात. या ग्रंथाचें संकलन सामान्यतः इ. स. पूर्वीच्या पहिल्या शतकांतील मानितात. म्हणजे आधीं डाग, मग सुई. आधीं अकरा, मग बारा. ज्या विद्येच्या पायऱ्या एकाच भूमींत अशा एकीवर एक सांपडतात, ती परदेशांतून तयार होऊन आली असें म्हणण्यास फारच बळकट पुरावा पाहिजे.

‘लिंगशू’ची कथा संग्राहकांस विशेष रुचेल. खुद्द चीनांत हा ग्रंथ खंडित झाला होता. अकराव्या शतकाच्या अखेरीस कोरियाच्या दरबाराकडून त्याची प्रत सुंग बादशहास पोंचली, आणि शि सुंग नांवाच्या गृहस्थानें आपल्या घराण्यांतील जुन्या प्रतीवरून ११५५ सालीं त्याचें संस्करण सिद्ध केलें. आज उपलब्ध असलेला पाठ त्याचाच. भासाचीं नाटकें त्रावणकोरांत हातीं लागलीं, तशांतलाच हा प्रकार. दुन्हुआंग येथील गुहेंतून ऑरेल स्टाइन यांनीं १९०७ सालीं जीं बाडें नेलीं, त्यांतहि डाग देण्याचीं स्थानें दाखविणाऱ्या मनुष्याकृति आहेत. हे स्टाइन म्हणजे राजतरंगिणीचे संपादक तेच.

आतां सुश्रुत. शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायांत १०७ मर्में सांगितलीं आहेत, तीं शस्त्र चालवितांना राखावयाचीं म्हणून. चिनी स्थानें सांगितलीं आहेत तीं टोंचावयाचीं म्हणून. दोहोंचें कार्यच विरुद्ध असतां केवळ शरीरावरील बिंदु एवढ्या साम्यावर त्यांस एक मानणें धाडसाचें होय. आठव्या अध्यायांत सिराव्यध आहे. गृध्रसी, म्हणजे हल्लींची सायटिका, असतां गुडघ्याच्या सांध्याच्या वर किंवा खालीं चार अंगुळांवर शीर वेधावी, असें तेथें म्हटलें आहे खरें. पण हेतु रक्त काढण्याचा. प्राचीन चिनी वैद्यहि रक्त काढीत, एवढें साम्य आम्ही मान्य करितों. खरें निकटचें साम्य सुईचें नसून अग्नीचें आहे. सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायांतील अग्निकर्म आणि मावांगदुइचे डाग शेजारी ठेवून वाचावेत. तथापि डागणें कोणत्या देशांत नव्हतें?

मात्र एक हिंदी सुई चीनांत खरोखर गेली, ती मोतीबिंदूची. उत्तरतंत्रांतील लिंगनाशाची शलाकाक्रिया बौद्ध भिक्षूंबरोबर तिकडे पोंचली. नागार्जुनाच्या नांवावर चालणाऱ्या नेत्रग्रंथाचा उल्लेख तांगकालीन कवि बाइ जुयी (७७२–८४६) करितो. ही क्रिया डोळ्याची, वेदनाशमनाची नव्हे. परंतु उपरिनिर्दिष्ट घोटाळ्याचें एक बीज येथें असावें, असा आमचा तर्क आहे.

गुणाविषयीं थोडक्यांत. कंबरदुखीच्या ११६२ रोग्यांवरील जर्मन परीक्षेचा निकाल २००७ सालीं प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनीं शास्त्रोक्त सुयांनीं शेंकडा ४७.६, स्थानें सोडून वरवर टोंचलेल्या सुयांनीं ४४.२, आणि नेहमींच्या उपचारानें २७.४ रोग्यांस उतार पडला. म्हणजे टोंचण्यांत किंवा रोग्याच्या भरंवशांत कांहीं गुण आहे. नाड्यांच्या नकाशास मात्र या आंकड्यांचा आधार फार थोडा मिळतो. १९७७ सालच्या एका अमेरिकन प्रयोगांत, अफूचा अंमल उतरविणारें नॅलोक्सोन हें औषध दिल्यावर सुयांनीं थांबलेली दांताची वेदना परतली. त्यावरून शरीर स्वतःच अफूसारखीं द्रव्यें स्रवतें, असें अनुमान निघालें.

महाराष्ट्रांत ही विद्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनीं आणिली, अशीहि एक समजूत आहे. कोटणीस शस्त्रवैद्य होते आणि १९४२ सालीं चीनांतच वारले. त्यांच्याबरोबर १९३८ सालीं गेलेल्या पथकांत नागपूरचे डॉ. चोळकर होते, तसेच बंगालचे डॉ. बिजयकुमार बसूहि होते. या बसूंनीं पुढें पुन्हां चीनांत जाऊन ही विद्या शिकून घेतली व कलकत्त्यांत तिचा उपयोग सुरू केला.

ज्यांच्या संग्रहीं, रक्त न काढितां केवळ सुईनें कळ थांबविण्याची क्रिया सांगणारें संस्कृत वा मराठी वैद्यकाचें बाड असेल, त्यांनीं पत्रांक, लेखनशक व पुष्पिका यांसह त्या भागाची नक्कल धाडावी. ती याच पृष्ठांतून छापविण्याची तजवीज आम्ही करूं.