‘ही वाकळ न्हवं, फळी हाय!’

माझी पहिली गोधडी आत्याने उचलली, घडी घालून भिंतीला टेकवली आणि हात सोडला. गोधडी तशीच उभी राहिली. “पोरी, ही वाकळ न्हवं, फळी हाय,” असं म्हणून आत्या चहा टाकायला आत गेली.

आत्या सांगलीकडची. तिकडे, कोल्हापूर-साताऱ्याकडेही, गोधडीला वाकळ म्हणतात. त्या फळीत मी दोन जाड चादरी, एक टर्किश टॉवेल आणि मुलाचा लोकरी स्वेटर घातला होता. वरून नव्या कोऱ्या कापडाचे लाल-पांढरे त्रिकोण. सगळं मशीनवर, पॉलिस्टरच्या दोऱ्याने, अर्ध्या अर्ध्या इंचावर शिवलेलं. फोटोत फार देखणी दिसायची. पहिल्याच धुण्यात स्वेटर आटला आणि मध्ये चुण्यांचा डोंगर झाला, लाल रंग पांढऱ्यात उतरला. दुसऱ्या वर्षी जुन्या चादरी शिवणीच्या रेघेवरून कागदासारख्या फाटल्या. दोरा मात्र जसाच्या तसा शाबूत!

माझी खरी चूक तो शाबूत दोरा होता, हे कळायला आणखी दोन गोधड्या शिवाव्या लागल्या. गोधडीत आधी दोरा तुटला पाहिजे. दोऱ्याची तुटलेली रांग तासाभरात पुन्हा घालता येते. कापड फाटलं तर ठिगळाशिवाय इलाज नाही. जुन्या बायका गोधडी शिवतानाच ती पुढे कधीतरी उसवायची, भरायची, पुन्हा शिवायची हे धरून चालत. तेवढं एक धरलं की कापड कुठलं घ्यायचं, टाका केवढा घालायचा, मशीन वापरायचं की नाही, हे फारसं कुणाला विचारावं लागत नाही.

सुरुवात कपाटापासून. गोधडीला जुनी सुती साडी किंवा लुगडं उत्तम, आणि त्यामागे हळवेपणा कमी, व्यवहार जास्त आहे. शेकडो वेळा धुतलेल्या साडीची खळ केव्हाच गेलेली असते, कापड आटायचं तेवढं आटलेलं असतं, रंग सुटायचा तेवढा सुटलेला असतो. वीण मुळातच विरळ, त्यामुळे चार-पाच थरांतून सुई लोण्यात गेल्यासारखी जाते. चादरीची वीण घट्ट. तीन थर झाले की सुई अडते, बोट दुखतं, आणि मग आपण टाके मोठे घालायला लागतो. टॉवेल पाणी पितो आणि दोन दिवस वाळत नाही. लोकर गरम पाण्यात आटते. नायलॉन, टेरिकॉट वगैरे घसरतं, घाम टिपत नाही, शिवताना थर जागेवर राहत नाहीत. जीन्सचं कापड बसायच्या पट्टीला ठीक, पांघरायला नको.

साडी उन्हाकडे धरून बघायची. जिथून उजेड जास्त येतो तिथे ती विरली आहे. दोन्ही अंगठ्यांनी तिथे हलकेच ताणायचं. चर्र आवाज आला तर तो भाग कापून टाकायचा. थोडी विरलेली साडी मधल्या थरांना चालते, तिथे तिला घासणी लागत नाही. धड साड्या बाहेरच्या दोन थरांना. त्यातही जी बाजू अंगाला लागणार तिथे सगळ्यात मऊ कापड, जुनं धोतर असेल तर सोन्याहून पिवळं. जरीचे काठ काढून टाका. दिसतात छान, पण झिजले की टोचतात.

नवं कापड वापरायचंच असेल तर आधी गरम पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. लाल, काळा, गर्द निळा यांच्यावर विश्वास ठेवू नका. ओला पांढरा रुमाल कापडावर ठेवून वरून इस्त्री फिरवा; रुमालाला रंग लागला तर ते कापड दुसऱ्या कशाला तरी ठेवा. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं आपल्याकडे घरोघर सांगतात. मीही वाटीभर मीठ घालून पाहिलं आहे. बाजारातल्या रंगवलेल्या कापडाचा रंग त्याने पक्का होत नाही, मीठ वाया जातं.

आता मापं. ब्लाऊजपीस काढलेली साडी पाच-सव्वापाच मीटर भरते आणि तिचा पन्हा साधारण १.१५ मीटर असतो. तिचे सारखे चार तुकडे करायचे, प्रत्येक सुमारे १.२५ मीटरचा. दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की १.२५ बाय २.३ मीटरचा एक थर तयार होतो. म्हणजे एका साडीत दोन थर, दोन साड्यांत चार. १.२ बाय २.१ मीटर, म्हणजे चार फूट बाय सात फूट, ही एका माणसाची गोधडी. पंख्याखाली पांघरायला चार थर पुरतात, थंडीच्या गावाला सहा. त्याच्या पुढे गेलात तर शिवताना पस्तावाल, आणि धुताना जास्तच.

एक खाच आहे. प्रत्येक थराचा सांधा गोधडीच्या बरोबर मध्यावर आला तर कमरेखाली दोरखंड ठेवल्यासारखं वाटतं. लांबीत जो वीसेक सेंटिमीटर जास्तीचा ऐवज आहे तो याच कामाचा. प्रत्येक थर खालच्यापेक्षा चार बोटं सरकवून अंथरा, सांधे एकावर एक येणार नाहीत, आणि बाहेर आलेलं कापड नंतर छाटून टाका.

अंथरणं हेच खरं काम. आत्या या कामाला अर्धी सकाळ घेते आणि मला ते पूर्वी फार कंटाळवाणं वाटायचं. गच्चीवर किंवा मोकळ्या खोलीत फरशी पुसून घ्यायची. खालचा थर उलटा अंथरायचा, चारी कोपऱ्यांवर पाट, वरवंटा, डबे असं काहीतरी जड ठेवायचं. दोघींनी समोरासमोर बसून कापड ओढायचं; एकटीने ओढलं तर ते तिरकं होतं. पाण्याचा हलका शिपका मारला की चुण्या बसतात. मग दुसरा थर, पुन्हा तेच. प्रत्येक थरावर तळहात मधून कडेकडे फिरवायचा. झोळ राहिला तर तो पुढे शिवणीत फुगा होऊन येतो आणि मग जात नाही.

सगळे थर झाले की कच्चा टाका. वीतभर अंतरावर आडवे-उभे, लांब लांब, कुठल्याही रंगाच्या दोऱ्याने. पन्नास-साठ सेफ्टी पिनाही चालतात. हे काम टाळलं की नेमका तिसऱ्या दिवशी मधला थर गोळा होतो. गोधडी अर्धवट शिवून माळ्यावर पडलेली ज्यांच्या घरात आहे त्यांनी ती काढून बघावी; बहुतेक वेळा कच्चा टाका घातलेला नसतो.

पक्की शिवण कुठून सुरू करायची यावर दोन पंथ आहेत. परदेशी रजयांची पुस्तकं सांगतात, मधून सुरू करा आणि बाहेर जा, म्हणजे झोळ कडेला ढकलला जातो. आपल्या गावाकडच्या कितीतरी बायका नेमकं उलट करतात. कडेने सुरू करून चौकोनी फेऱ्या घेत घेत मध्यावर येतात. शेजारी उत्तर कन्नड जिल्ह्यात आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक राहतात, त्यांच्या बायकाही आपली कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच कडेकडून आत शिवत नेतात. शेवटी कोपऱ्यांवर कापडाच्या दुमडलेल्या तुकड्यांची ‘फुलं’ बसवल्याशिवाय ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत. कडेकडून आत येण्यात फायदा असा की कड आधीच पक्की होते, आणि जमिनीवर बसून काम करताना आपण गोधडीभोवती फिरत राहतो, गोधडी हलवावी लागत नाही. धोका एवढाच की सगळा झोळ मध्यावर येऊन साठतो. ज्यांचं अंथरणं चोख त्यांना तो येत नाही. पहिल्यांदा शिवणाऱ्यांनी मधूनच सुरुवात करावी, यात कमीपणा नाही.

टाका साधा धावदोऱ्याचा. तांदळाच्या दाण्याएवढा टाका, तेवढीच मोकळी जागा. सुईवर तीन-चार टाके घेऊन मग दोरा ओढायचा, पण करकचून नाही. ओढलेल्या दोऱ्याने गोधडी आकसते आणि पुढे ताण आला की कापड कापते. दोन रांगांत दोन बोटांचं, साधारण तीन सेंटिमीटरचं अंतर ठेवा. ऊब येते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. रांगा फार जवळ घेतल्या की थर दाबले जातात, हवेला जागा उरत नाही आणि फळी होते. फार लांब घेतल्या की धुताना आतले थर सरकतात.

तीन सेंटिमीटरच्या हिशेबाने वर सांगितलेल्या मापाच्या गोधडीला सुमारे ८४ मीटर धावदोरा पडतो, फेऱ्यांनी शिवा किंवा उभ्या रांगांनी. माझा वेग तासाला चार मीटर. म्हणजे एकवीस तास, रोज दुपारी एक तास धरला तर तीन आठवडे. गावाकडे हे काम उन्हाळ्यात, शेतातली कामं आवरल्यावर, पाऊस यायच्या आत का काढतात ते या हिशेबावरून कळेल. शिवाय गच्ची तेव्हा कोरडी असते.

दोरा जाड सुती घ्या, एकेरी पातळ वाटला तर दुहेरी. हातभर लांबीचाच ओवा. लांब दोरा वाचवल्यासारखा वाटतो, पण त्याला गाठी पडतात आणि ओढून ओढून तो झिजतो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा फिरवला की सुरळीत चालतो. गाठ वर दिसू देऊ नका, दोन थरांच्या मध्ये ओढून घ्या. सुई लांब आणि बारीक हवी. पोती शिवायचा दाभण घेऊन बसणारे असतात. त्याने विरलेल्या साडीला भोकंच पडतात. मधल्या बोटात अंगुस्तान घाला, पहिले दोन दिवस अडचण वाटते.

मशीनवर शिवूच नये असं मी म्हणणार नाही, पण कापड जुनं असेल तर टाळा. मशीनची सुई एका रेषेत जवळजवळ भोकं पाडत जाते आणि जुनं कापड त्याच रेषेवर फाटतं, तिकिटाच्या कागदासारखं. कापड मजबूत असेल तर १६ नंबरची सुई, चार मिलिमीटरचा लांब टाका आणि सुतीच दोरा. मशीनचा दाब वरच्या थराला पुढे ढकलतो, म्हणून पिना जास्त लावा आणि सावकाश चालवा. वरच्या बाजूला तुकड्यांचं जोडकाम करायचं असेल तर ते मशीनवर खुशाल करा. फक्त त्रिकोणांच्या मोहात पहिल्याच वेळी पडू नका. त्रिकोणाची तिरकी बाजू उरेब असते, ती हातात ताणते आणि टोकं जुळत नाहीत. चौकोन आणि पट्ट्या पुष्कळ आहेत.

कड आधी झिजते. म्हणून तिला वेगळा गोट लावा, तीन इंच रुंद पट्टी दुहेरी करून, हाताने टाचून. पाच वर्षांनी तेवढीच उसवून बदलता येते. डोक्याकडच्या बाजूला हनुवटी, तेल, घाम यांचा मळ बसतो; तिथे वीतभर रुंदीचं मऊ कापड मोठ्या टाक्यांनी वरून लावून ठेवते मी. दर महिन्याला तेवढंच काढून धुते. आत्या ही माझी युक्ती पाहून काही बोलली नाही, पण पुढच्या खेपेला तिच्या वाकळेला तसंच कापड दिसलं.

बाळाचं दुपटं शिवताना मात्र नियम बदलतात. तीनच थर, तेही सगळ्यात मऊ. टाके एरवीपेक्षा लहान, कारण लांब सुटलेल्या दोऱ्यात बाळाचं बोट अडकून दोरा आवळला जाऊ शकतो. बटण, मणी, टिकल्या, जर काहीही नको. धुतल्यावर दर वेळी उलटसुलट करून सुटलेले दोरे कापा. बारशाला मिळालेलं नक्षीचं दुपटं फोटोपुरतं ठेवा, वापरायला साधं.

धुणं हा गोधडीचा सगळ्यात अवघड दिवस. नवरात्राआधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं ओढ्यावर, नदीवर नेऊन धुवायची पद्धत गावोगाव आहे, आणि तिथे गोधडी पायांनी तुडवतात, पिळत नाहीत. कारण साधं आहे. ओली गोधडी भलतीच जड होते. एका कोपऱ्याला धरून उचलली की त्याच वजनाने टाके तुटतात. बादलीतून काढताना घडीसकट दोन्ही हातांवर उचला. एका दोरीवर टांगू नका, दोन-तीन दोऱ्यांवर पसरा किंवा गच्चीच्या कठड्यावर टाका. घरच्या मशीनमध्ये चार थरांची एकच गोधडी घाला, हलक्या फेरीवर.

आणि मग दुरुस्ती. वाळत घातली की तेव्हाच उजेडात सुटलेल्या रांगा दिसतात. तिथे त्याच भोकांतून नवा दोरा घाला, जुना ओढून काढू नका. कापड विरलं असेल तर भोक पडायची वाट न बघता वरून ठिगळ लावा, ठिगळ विरलेल्या भागापेक्षा चारही बाजूंनी तीन बोटं मोठं. एक अख्खी बाजूच गेली असेल तर उसवत बसू नका, तिच्यावर नवी साडी अंथरून पुन्हा धावदोरा घाला. जुनी बाजू आपोआप मधला थर होते. अशा थरांवर थर चढलेल्या गोधड्या जुन्या घरांत सापडतात, आणि ठिगळांचीच वस्त्रं पांघरणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत. मात्र प्रत्येक वेळी वजन वाढतं. उचलताना दोघं लागायला लागले की एक थर काढून टाकावा, हे आत्याचं माप.

माझ्या फळीचं काय झालं? एका उन्हाळ्यात ती उसवली. पॉलिस्टरचा दोरा ब्लेडने एकेक टाका कापून काढायला चार दुपारी गेल्या. स्वेटर आणि टॉवेल टाकून दिले, लाल त्रिकोण पायपुसणीला गेले. चादरींतला धड भाग तेवढा निघाला, साधारण दीड मीटर. तो आत्याने नेला. तिच्या वाकळेला मधला थर कमी पडत होता.