वाईला उतरा, दोनच तास!

बेल्जियममधल्या ब्रुज गावाचं रील तुम्हीही कधीतरी पाहिलं असेल. कालवे, दगडी पूल, पाण्यात दिसणारी जुनी घरं आणि पुलावर उभं राहून फोटो काढणारं एखादं कुटुंब. युरोपच्या ट्रिपमध्ये लोक तिथे अर्धा दिवस थांबतात आणि पुढे जातात. माझ्या बकेट लिस्टमध्ये ते गाव तीन वर्षं आहे. पासपोर्ट मात्र अजून काढलेला नाही!

आता आपल्याकडचं सांगते. पुण्याहून सांगलीला येताना खंबाटकी घाट उतरला की सुरूर फाटा लागतो. तिथून उजवीकडे वळलं की वीसेक मिनिटांत वाई. तुम्ही किती वेळा वळलात? आम्ही एकदाही नाही. आमच्या बाबांचा नियम ठरलेला, गाडी थांबणार ती चहाला आणि मग थेट पेठ नाक्याला.

गेल्या मे महिन्यात माझी शेवटची परीक्षा झाली. हॉस्टेलचं सगळं सामान गाडीत कोंबून आम्ही तिघं निघालो. घाट चढेपर्यंत आई-बाबांचा नेहमीचा वाद सुरू झाला : सांगलीतलं घर विकायचं की नाही. ऑगस्ट २०१९ चा पूर आठवतोय ना? आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तिथे धोक्याची पातळीच ४५ फूट आहे. तेव्हा मी अकरावीत होते. आमचा तळमजला पंख्यापर्यंत पाण्यात होता आणि आम्ही विश्रामबागेत मामाकडे. लग्नाचा अल्बम, माझ्या शाळेच्या वह्या, आईचं शिलाई मशीन, सगळं गेलं. त्यानंतर आई घाटावर गेलीच नाही. ‘नदीचं नाव काढू नको’ म्हणायची.

वाद वाढायला लागला तसं मी म्हटलं, ‘बाबा, वाईला वळा ना. दोनच तास.’ चक्क वळले!

गणपतीची पाठ बघा

वाईत कृष्णेच्या काठी एकापाठोपाठ एक घाट आहेत. गणपती घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ आहे. रास्त्यांनी ते १७६२ मध्ये बांधलं. मूर्ती भलीथोरली आणि एकाच दगडातली. सगळे दर्शन घेतात, सेल्फी काढतात आणि निघतात. तुम्ही तसं करू नका, देवळाच्या मागे जा. मागची भिंत सरळ नाही, माशाच्या आकारासारखी निमुळती आहे. पुराचा लोंढा आला की तो भिंतीवर आदळत नाही, दोन्ही बाजूंना फाकून निघून जातो.

हे मी मोबाइलवर वाचून दाखवलं. आई बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे पूर येणार हे त्यांनी धरूनच बांधलं होतं.’

बाबा म्हणाले, ‘आणि आपण २००५ चा पूर बघूनही सगळं फर्निचर तळमजल्यावरच केलं.’

त्या दोघांचं त्या दिवशी पहिल्यांदा एकमत झालं.

युरोप भेटला तो मेणवलीत

वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवली. तिथे नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागे चंद्रकोरीसारखा घाट आहे. ‘स्वदेस’ (२००४) पाहिला असेल तर हे गाव तुम्हाला आधीच ओळखीचं वाटेल, कारण त्याचं शूटिंग इथेच झालं. पण मी थबकले ते घाटावरच्या घंटेपाशी. छोट्याशा दगडी मंडपात टांगलेल्या या भल्यामोठ्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. देवळाशेजारी ही कुठून आली? तर वसईहून. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठे घेऊन आले. अशीच एक घंटा भीमाशंकरलाही आहे. म्हणजे युरोप बघायला मी पासपोर्टची वाट बघत होते आणि त्याचा एक तुकडा कृष्णेकाठी कितीतरी वर्षं लटकतोय!

मेणवलीच्या पायऱ्या उन्हाने तापल्या होत्या. आम्ही सावली धरून बसलो आणि भडंगाची पिशवी फोडली. पाणी अगदी शांत होतं. बाबा म्हणाले, ‘हेच पाणी पुढे माहुलीला जातं, कराडला कोयनेला भेटतं आणि मग आपल्याकडे येतं.’ आईने चपला काढल्या, दोन पायऱ्या उतरली आणि पाय पाण्यात सोडून बसली. कितीतरी वर्षांनी. मी फोटो काढला नाही.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, ‘घर नको विकूया. स्वयंपाकघर वर नेऊ. कागदपत्रं, कपाटं, सगळं वर.’

‘आणि तळमजला?’ मी विचारलं.

‘तळमजला नदीचा,’ बाबा म्हणाले. आई हसली.

सगळ्यांनाच असं करता येत नाही, हे मला माहीत आहे. एकमजली घरवाल्यांनी वर काय न्यायचं? नोकरी, शाळा, दुकान सोडून कुठे जायचं? पण पूररेषा म्हणजे नेमकं काय, आपलं घर तिच्या आत येतं की बाहेर, हे तुमच्यापैकी किती जणांनी घरी विचारलंय? मी २२ वर्षांची होईपर्यंत विचारलं नव्हतं.

तुमचा प्लॅन असा करा

• पुण्याहून येताना सुरूर फाट्याला वळा. निघताना परत मागे जाऊ नका, पाचवडमार्गे थेट हायवेला लागा.

• एक तास वाईचे घाट, एक तास मेणवली. उन्हाळ्यात सकाळी लवकर जा. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या निसरड्या असतात आणि पाणी वाढलेलं असतं, तेव्हा लांबूनच बघा.

• अर्धा तास जास्त असेल तर मराठी विश्वकोशाच्या कार्यालयावरून चक्कर मारा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून हे काम उभं केलं आणि १९७६ मध्ये विश्वकोशाचा पहिला खंड आला. असाइनमेंटसाठी आपण ऑनलाइन ज्यातून मजकूर उचलतो ना, तोच हा विश्वकोश!

• खाऊची रिकामी पाकिटं गाडीतच ठेवा. घाटावर टाकलेलं सांगलीच्या घाटावर येऊन लागतं.

• आणि आई-बाबांना बरोबर न्या. ते ‘नको, उशीर होईल’ म्हणतील. आम्हाला सांगलीत पोचायला अडीच तास उशीर झाला. मामाचे चार मिस्ड कॉल होते, बाकी काही बिघडलं नाही.