गर्भिणीचें दुखणें आणि कपाटांतील गोळी

भरल्या घरांत सुनेची कंबर धरली कीं गोळ्यांची डबी उघडावयास कोणीतरी धांवतेंच. सासूबाईंच्या गुडघ्यांची गोळी, दिरांच्या मुरगळलेल्या पायाची गोळी, सर्व एकाच डबींत! हेतु प्रेमाचा असतो; परंतु त्या सर्व गोळ्या एका जातीच्या नसतात. जातिभेद आम्हांस अन्यत्र मान्य नसला तरी येथें तो पाळणेंच इष्ट.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक हीं औषधें प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं वेदना वाढविणारीं द्रव्यें शरीरांत तयार होऊं देत नाहींत. मात्र गर्भाचें मूत्रपिंड व हृदयानजीकची एक रक्तवाहिनी याच द्रव्यांवर अवलंबून असतात. गर्भारपणाच्या उत्तरार्धांत गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाचें मूत्रच. मूत्रपिंड मंदावलें कीं तें आटूं लागतें. म्हणूनच २०२० सालीं अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें २० व्या आठवड्यापासून हीं औषधें टाळण्याचा इशारा दिला. ३० व्या आठवड्यानंतर तर ती रक्तवाहिनी जन्मापूर्वींच मिटण्याचें भय असतें. पहिल्या महिन्यांतही तीं डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नयेत.

खरी फसगत जोडगोळ्यांची. वेष्टनावर पॅरासिटामॉल हें ओळखीचें नांव वाचून आपण निश्चिंत होतों, आणि शेजारींच बारीक अक्षरांत आयब्युप्रोफेन किंवा ॲसिक्लोफिनॅक बसलेलें असतें.

एकटें पॅरासिटामॉल मात्र गर्भिणीस डॉक्टर बहुधा प्रथम सुचवितात. तेंही कमींत कमी मात्रेंत व थोडेच दिवस. सप्टेंबर २०२५ मध्यें अमेरिकेच्या अध्यक्षांनीं त्याचा संबंध मुलांच्या स्वमग्नतेशीं जोडला. परंतु २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या, स्वीडनमधील सुमारें २४ लक्ष ८० हजार मुलांच्या पाहणींत, सख्ख्या भावंडांची तुलना करितां असा संबंध आढळला नव्हता. ‘आमच्या वेळीं कुठें होत्या गोळ्या?’ असें म्हणून सुनेचा ताप अंगावर काढावयास लावणाऱ्या वडीलधाऱ्यांस आमची नम्र विनंती कीं, वाढता ताप गर्भासही बाधतो.

ॲस्पिरिनची गोष्ट निराळी. रक्तदाबाच्या उपद्रवाचें भय असलेल्या स्त्रियांस त्याची अल्प मात्रा डॉक्टर स्वतःच देतात. ती घरच्या सल्ल्यानें बंद करूं नये.

आणि २० व्या आठवड्यानंतर डोकें असह्य ठणकूं लागलें, डोळ्यांपुढें काजवे चमकले, तोंड अकस्मात् सुजलें किंवा बरगड्यांखालीं दुखलें, तर डबी उघडूंच नये. त्याच वेळीं, रात्र असली तरी, रुग्णालय गांठून रक्तदाब पाहून घ्यावा.