दूरदेशीं वृद्धांचा योगक्षेम

आमच्या वडील भगिनी, ज्यांस घरांत लहानथोर सर्व आक्का म्हणतात, गेलीं सहा वर्षें आपल्या चिरंजीवांकडे अमेरिकेंत कॅलिफोर्निया राज्यांत राहतात. गतवर्षीं त्यांच्या भेटीस आम्ही तिकडे गेलों होतों. प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा हेतु नाहीं. तसलीं वर्णनें वाचकांस आतां पुरेशीं मिळतात, आणि तेथील पूल व मनोरे पाहून आम्हांस जें वाटलें तें इतरांस वाटतें त्याहून निराळें नव्हतें. परंतु आक्कांच्या एका दुखण्याची हकीकत त्यांच्याच तोंडून ऐकली, आणि तिच्या अनुषंगानें त्या भागांतील एका जुन्या चिनी वस्तींत निघालेल्या संस्थेची माहिती करून घेतली. ज्यांचीं मुलें परदेशीं स्थायिक झालीं आहेत व जे स्वतः उतारवयांत तिकडे जाऊन राहण्याच्या विचारांत आहेत, अशीं घरें आपल्या वाचकांत थोडीं नाहींत. त्यांच्या उपयोगीं पडावें म्हणून हा लेख.

हकीकत अशी. आम्ही जाण्यापूर्वीं दोन महिने एके रात्रीं आक्कांच्या पोटांत दुखूं लागलें. भाचा परगांवीं होता. सूनबाईंनीं त्यांस रुग्णालयांत नेलें व त्या कचेरींत कागद भरीत बसल्या. इकडे नोंदींत देश ‘हिंदुस्थान’ असा पाहून परिचारिकेनें तत्परतेनें दूरध्वनीवरून एक हिंदी दुभाषी जोडून दिला. आक्कांचें हिंदी म्हणजे काशीयात्रेंत टांगेवाल्याशीं बोलण्यापुरतें. त्या आपल्या मराठींत सांगूं लागल्या कीं, पोटांत कळ येते. दुभाष्यानें ऐकलें ‘कल’. त्यानें डॉक्टरांस सांगितलें कीं, बाईंस काल दुखत होतें. कळ ती कळच. डॉक्टरांनीं पोट दाबून पाहिलें त्या क्षणीं ती ओसरलेली होती. काल दुखलें, आज नाहीं, अशी नोंद झाली आणि औषधाच्या चार गोळ्या देऊन आक्कांस घरीं पाठविण्यांत आलें. तिसऱ्या दिवशीं पुन्हा न्यावें लागलें, तेव्हां पित्ताशयांत खडे असल्याचें निष्पन्न झालें व शस्त्रक्रिया करावी लागली. “अरे, मी कळ म्हणतें, आणि तो बाबा काल म्हणतो!” हें आक्का आतां हंसून सांगतात, पण ते तीन दिवस हंसण्यासारखे नव्हते.

शस्त्रक्रियेपूर्वीं ती समजावून सांगण्यास डॉक्टर आले तेव्हां खाटेशेजारीं बारा वर्षांचा नातू बसलेला. त्यासच त्यांनीं सांगितलें, आजीला हें सांग. पोरानें अर्धें सांगितलें आणि अर्धें भिऊन गिळलें. मुलांकडून असलें काम करवूं नये, त्यासाठीं शिकलेला दुभाषी असावा, अशा अर्थाचा नियम तिकडील केंद्र सरकारनें २०१६ सालीं केलेला आहे, आणीबाणीचा प्रसंग तेवढा वगळून. परंतु नियम आणि खाट यांमध्यें अंतर असावयाचेंच. पुढें जेवणाचा प्रश्न आला. शाकाहारी जेवण मागितलें तर ताटांत अंड्याचा पदार्थ. त्या लोकांच्या समजुतीप्रमाणें अंडें शाकाहारांत मोडतें. आक्कांनीं ताट परत केलें व दूध आणि केळीं यांवर दिवस काढले. नोंदवहींत मात्र ‘रुग्ण अन्न नाकारते’ असें लिहिलें गेलें, आणि मन उदास झालें असावें या तर्कानें मानसोपचाराचे तज्ज्ञ पाठविण्याचें घाटूं लागलें. सूनबाईंनीं घरून वरणभाताचा डबा नेल्यावर तें औदासीन्य एका जेवणांत बरें झालें. त्या रुग्णालयांतील माणसें प्रेमळ होतीं, शस्त्रक्रिया उत्तम झाली. दुष्टपणा कोठेंच नव्हता. वानवा होती ती समोरचें माणूस कोण आहे हें विचारण्याची.

भाच्याच्या शेजारीं एक चिनी कुटुंब राहतें. त्यांच्या वृद्ध मातोश्रींस नेण्यासाठीं सकाळीं एक मोटार येते. चालक खालीं उतरून दारापर्यंत जातो, म्हातारीचा हात धरतो, तिच्याच भाषेंत दोन शब्द बोलतो आणि तिला घेऊन जातो. सायंकाळीं पुन्हा आणून सोडतो. चौकशी करतां संस्थेचें नांव ‘ऑन लोक’ असें कळलें. तें ऐकून आम्हांस आपल्या ‘लोक’ शब्दाची आठवण झाली, पण व्युत्पत्तीची ही हौस व्यर्थ ठरली. शब्द कॅन्टनीज भाषेंतला असून शांत व सुखी निवास असा त्याचा भावार्थ आहे.

ही संस्था जेथें जन्मली ती सॅन फ्रॅन्सिस्को शहरांतील चायनाटाऊन वस्ती. तिचा पूर्वेतिहास थोडा सांगितला पाहिजे. १८८२ सालीं अमेरिकेनें चिनी मजुरांस देशांत येण्यास बंदी करणारा कायदा केला. तो १९४३ सालीं रद्द झाला, आणि तोही वर्षाकाठीं अवघ्या १०५ चिनी माणसांस प्रवेश देऊन. या साठ वर्षांत त्या वस्तींतील पुष्कळ पुरुष बायकामुलांवांचून म्हातारे झाले. बाहेरच्या जगानें दार लावल्यामुळें त्या समाजानें आपल्या सोयी आपणच केल्या. १९२५ सालीं उभारलेलें त्यांचें चिनी रुग्णालय आजही चालूं आहे. १९६५ च्या नव्या कायद्यानंतर आशियांतील माणसें मोठ्या संख्येनें तिकडे जाऊं लागलीं, आणि आपल्या मंडळींचा ओघही मुख्यतः त्यानंतरचाच.

१९७० च्या सुमारास त्या वस्तींत व लगतच्या नॉर्थ बीच भागांत राहणारे चिनी, इटालियन व फिलिपिनो वृद्ध यांची काळजी कशी घ्यावी हा प्रश्न उभा राहिला. शुश्रूषालयांत ठेवावें तर अन्न परकें, भाषा परकी, आणि आप्तांच्या व बाजाराच्या वाटेपासून ताटातूट. विल्यम जी नांवाचे एक दंतवैद्य व इतर नागरिक यांनीं १९७१ सालीं मंडळ स्थापिलें आणि वस्तीसाठीं शुश्रूषालय बांधतां येईल काय याचा शोध घेण्याचें काम मेरी-लुईज अन्साक या समाजसेविकेकडे सोंपविलें. अन्साकबाईंचा निष्कर्ष असा कीं, इमारतीचा खर्च झेपणार नाहीं, आणि झेपला तरी या लोकांस ती रुचणार नाहीं. मंडळानें विचारलेल्या प्रश्नास ‘नको’ असें उत्तर देऊन बाई थांबल्या असत्या तर आज त्यांचें नांव कोणी काढलें नसतें. ब्रिटनमध्यें दिवसा उपचार करून रात्रीं घरीं पाठविणारीं रुग्णालयें होतीं. त्यांवरून त्यांनीं कल्पना घेतली, आणि १९७३ सालीं ऑन लोकचें पहिलें दिवसकेंद्र उघडलें.

या केंद्राची रीत आम्हांस फार विचार करण्यासारखी वाटली. वृद्ध मनुष्य रात्रीं आपल्या घरीं निजतो. दिवसा केंद्रांत त्यास वैद्य, परिचारिका, व्यायाम करविणारे, ऊन जेवण आणि समवयस्कांचा सहवास मिळतो. घरीं स्नान वगैरेस मदत लागली तर तीही तेथूनच. एकाच वृद्धाची काळजी घेणारीं सर्व माणसें एकत्र बसून त्याचा विचार करतात, आणि त्या बैठकींत वैद्याबरोबर मोटारीच्या चालकासही स्थान असतें. हें वाचून आम्ही प्रथम चकित झालों, मग पटलें. म्हातारा आज दारापर्यंत किती पावलांत आला, कालचा डबा न उघडतां तसाच पडला आहे काय, हें वैद्यास कोठून दिसणार? तें चालकास दिसतें.

आतां पैशाची बाजू, कारण भावनेनें संस्था चालत नाहीं. मेडिकेअर हा तेथील वृद्धांसाठीं व मेडिकेड हा गरिबांसाठीं असलेला वैद्यकीय खर्चाचा सरकारी निधि आहे. १९८३ पासून ऑन लोकला प्रत्येक वृद्धामागें दरमहा ठराविक रक्कम मिळूं लागली व त्यांतच सर्व भागविण्याची जबाबदारी तिनें पत्करली. तो मनुष्य रुग्णालयांत पडला तरी खर्च संस्थेचाच. त्यामुळें तो आजारी न पडावा यांतच संस्थेचें हित गुंतलें. ज्यास पेज रुचते त्यास पेज द्यावी, ज्यास समजेल त्या भाषेंत औषधाची वेळ सांगावी, हें येथें दाक्षिण्य नसून शुद्ध हिशेब आहे. १९८६ सालीं हा प्रयोग इतर दहा ठिकाणीं करण्यास संमति मिळाली, १९९७ च्या कायद्यानें त्यास कायमचें स्थान दिलें, आणि ‘पेस’ या नांवानें आज तो तीसांहून अधिक राज्यांत चालूं आहे. वयाचीं पंचावन्न वर्षें पूर्ण झालेल्या, शुश्रूषालयांत ठेवण्याइतकी गरज असलेल्या परंतु आधार मिळाल्यास घरीं सुरक्षित राहूं शकणाऱ्या मनुष्यास त्याचा लाभ घेतां येतो.

भाषेच्या प्रश्नावर त्याच शहरांतून एक प्रसिद्ध खटला उभा राहिला होता, आणि आम्ही जन्मभर खडू हातीं धरलेला असल्यामुळें तो सांगितल्यावांचून राहवत नाहीं. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या शाळांत सुमारें १८०० चिनी मुलें इंग्रजी न समजतां वर्गांत बसत. त्यांस इंग्रजी शिकविण्याची निराळी सोय नव्हती. पुस्तकें तींच, शिक्षक तेच, मग अन्याय तो कोणता, असें शाळाधिकाऱ्यांचें म्हणणें. १९७४ सालीं वरिष्ठ न्यायालयानें १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यावरून निर्णय दिला कीं, मुलास जें समजतच नाहीं तें सर्वांस सारखें वांटलें म्हणून समानता होत नाहीं. सरकारी कामांत परभाषिकांची सोय करावी असें आज्ञापत्र २००० सालीं अध्यक्ष क्लिंटन यांनीं काढलें. २०२५ सालीं अध्यक्ष ट्रम्प यांनीं तें रद्द केलें. मूळ कायदा मात्र उभा आहे. आज्ञापत्रांचा भरंवसा किती धरावा हें यावरून दिसतें.

आपल्याकडेही परगांवच्या विद्यार्थ्यास वार लावून जेवूं घालण्याची चाल होती. तिनें कित्येक दरिद्री मुलें विद्वान् झालीं. पण ती सोय बहुधा स्वजातीपुरती होती, हें कबूल केलें पाहिजे. ऑन लोकच्या आरंभींच्या योजनेंत चिनी, इटालियन व फिलिपिनो अशा तिघांचा विचार होता. आणि चिनी म्हटलें तरी कॅन्टनीज बोलणारा व मँडरिन बोलणारा यांचें एकमेकांशीं भागत नाहीं; ‘हिंदुस्थानी म्हणजे हिंदी’ या समजुतीसारखीच तीही एक समजूत.

अमेरिकेंत मराठी मंडळें पुष्कळ आहेत. त्यांची मध्यवर्ती बृहन्महाराष्ट्र मंडळ ही संस्था १९८१ पासूनची. भाच्याच्या गांवच्या मंडळाच्या गणेशोत्सवास आम्ही गेलों होतों. आरती खणखणीत झाली, नाटक बरें वठलें, मोदक तर उत्तमच. फराळाच्या वेळीं आम्ही दोघातिघांस विचारलें कीं, एखाद्या म्हाताऱ्या बाईस रात्रीं रुग्णालयांत न्यावें लागलें तर मराठी बोलून समजावून देणारें कोण येईल? प्रश्न कोणासही अप्रस्तुत वाटला नाहीं. एका तरुण बाईंनीं तेथल्या तेथें आपला क्रमांक लिहून दिला. निघेपर्यंत सात नांवें जमलीं. पुढें त्यांचें काय झालें हें भाच्यानें अजून कळविलेलें नाहीं, आणि आम्ही त्यास दोन पत्रें घातलीं आहेत.

आमच्या हातून झालें तें एवढेंच. आक्कांच्या नोंदींत भाषेच्या जागीं हिंदी खोडवून मराठी लिहविलें, आणि निघण्यापूर्वीं दुखण्याच्या शब्दांचा एक तक्ता करून स्वयंपाकघरांतील शीतकपाटाच्या दारावर लाविला: कळ, ठणका, जळजळ, उमासा, धाप, भोंवळ, मुंग्या, पेटका, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी, नातवास वाचतां येईल अशा मोठ्या अक्षरांत. चाळीस शब्द झाले. शेवटीं आक्का म्हणाल्या, “हुरहुर राहिली रे.” तो शब्द आम्ही डावीकडे लिहिला. उजवीकडची जागा अद्यापि रिकामी आहे.